साथीला कोण?

अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाची सर्वांत जास्त टवाळी कुणी केली असेल, तर ती खुद्द उपाध्यक्षांनी. पहिले उपाध्यक्ष जॉन अॅडम्स यांनी बायकोला पत्र लिहून कळवलं होतं, की माणसाच्या डोक्यातून आजवर निघालेलं सर्वांत क्षुल्लक पद आपल्या वाट्याला आलं आहे. वुड्रो विल्सन यांचे उपाध्यक्ष टॉमस मार्शल एक गोष्ट सांगायचे. दोन भाऊ होते, एक समुद्रावर गेला, दुसरा उपाध्यक्ष झाला. पुढे दोघांचंही काय झालं ते कुणालाच कळलं नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पहिले उपाध्यक्ष जॉन गार्नर यांनी तर या पदाची किंमत बादलीभर कोमट द्रवाएवढीही नाही, असं सांगून टाकलं. तो द्रव नेमका कोणता, यावर इतिहासकारांचं आणि सभ्य वर्तमानपत्रांचं अजून एकमत नाही.

काम म्हणाल तर सिनेटच्या खुर्चीत बसायचं आणि समसमान मतं पडली तर आपलं एक मत टाकायचं. दुसरं काम म्हणजे अध्यक्षांच्या तब्येतीची चौकशी. हे काही घटनेत लिहिलेलं नाही. पण आठ अध्यक्ष पदावर असताना वारले, एकानं राजीनामा दिला, आणि नऊही वेळा टवाळीतला हा माणूस उठून मुख्य खुर्चीत जाऊन बसला. हॅरी ट्रुमन उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते, तेव्हा रूझवेल्ट गेले. आपल्या देशात अणुबॉम्ब नावाची वस्तू तयार होते आहे, हे ट्रुमन यांना नीट सांगण्यात आलं ते त्यानंतर. कोमट द्रवाची ही बादली अधूनमधून अशी उकळते.

गंमत अशी, की अध्यक्षपदाचा उमेदवार पाखडून घ्यायला हा देश सहा-सहा महिने राज्याराज्यांत मतदान घेतो, वादविवाद भरवतो, उमेदवाराला जत्रेत तळलेलं लोणी खायला लावतो. उपाध्यक्षपदाचा उमेदवार मात्र एक माणूस ठरवतो. कुणाला ठरवलं हे आपल्याला टीव्हीवर कळतं. मला तर वाटतं, निवडणुकीच्या आधी उमेदवार खरोखरचा असा हा एकच निर्णय घेतो. कर कमी करीन, युद्ध थांबवीन, औषधं स्वस्त करीन, हे सगळं पुढचं बोलणं. हातात काही नसताना माणूस जे बोलतो त्याला निर्णय म्हणत नाहीत.

हे मला २००८ साली चांगलंच कळलं.

मी मूळचा तासगावचा, राहतो दक्षिण ओहायोत. ओहायो जिंकल्याशिवाय आजवर एकही रिपब्लिकन माणूस अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आलेला नाही. त्यामुळे तेव्हा दर चार वर्षांनी आमचा भाव एकदम वधारायचा. जेवायला बसलं की फोन. दार उघडलं की हातात पत्रक घेतलेलं कोवळं पोर. टीव्ही लावला तर दोन जाहिरातींच्या मध्ये थोडा कार्यक्रम. नोव्हेंबर उलटला की मग पुढची साडेतीन वर्षं आमच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे.

जॉन मॅकेन मला आवडायला लागले ते २००० सालापासून. तेव्हा मला मताचा अधिकार नव्हता, म्हणून प्रेम निरपेक्ष होतं. माणूस व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं कैदेत राहिलेला, पत्रकारांना बसमध्ये घेऊन दिवसभर वाटेल त्या प्रश्नाला उत्तरं देणारा, स्वतःच्या पक्षालाही चार शब्द सुनावणारा. न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांनी जॉर्ज बुश यांना चारी मुंड्या चीत केलं. मग साउथ कॅरोलायनात कुणीतरी कुजबुज पसरवली, की यांची सावळी मुलगी ही यांचीच अनौरस मुलगी. ती होती बांगलादेशातली, ढाक्याला मदर तेरेसांच्या अनाथाश्रमातून दत्तक घेतलेली. मॅकेन तिथं हरले. सावळ्या मुलीचा बाप म्हणून मला ते हरणं फार लागलं.

पुढे इराकचं युद्ध झालं, ज्या शस्त्रांसाठी झालं ती सापडली नाहीत, दोन्ही पक्षांच्या लोकांनी त्याला हात वर केलेले होते. राजकारण्यांवरचा माझा विश्वास टप्प्याटप्प्यानं उडत गेला. मॅकेनही बदलत होते. ज्या धर्मोपदेशकाला २००० साली त्यांनी असहिष्णुतेचा दलाल ठरवलं होतं, त्याच्याच विद्यापीठात २००६ साली ते पदवीदानाचं भाषण करून आले. तरी मी मनाची समजूत घालत राहिलो. म्हटलं, निवडून यायचं तर एवढं करावंच लागतं; आतला माणूस तोच आहे. नेत्याच्या आतल्या माणसावर भिस्त ठेवणं हे मतदाराच्या म्हातारपणाचं पहिलं लक्षण.

२००८ च्या निवडणुकीत घरात मी एकटाच या पंथाचा. बायको हिलरी क्लिंटन यांची. मार्चमध्ये हिलरींनी ओहायो जिंकलं तेव्हा आमच्याकडे श्रीखंड झालं, आणि ७ जूनला त्यांनी माघार घेतली तेव्हा खिचडी. कॉलेजात जाणारी मुलगी ओबामांची. आणि त्या उन्हाळ्यात तासगावहून आई आलेली. ती प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिला कुठलाच पक्ष नव्हता, त्यामुळे तिचंच बोलणं तेवढं ऐकण्यासारखं असायचं.

ओबामांनी आपला जोडीदार समर्थकांना सर्वांत आधी मोबाइलवर कळवणार असं जाहीर केलं होतं. मुलीनं स्वतःचा नंबर दिला आणि माझ्या बायकोला न विचारता तिचाही. २३ ऑगस्टच्या पहाटे तीनच्या सुमाराला बायकोच्या उशाशी फोन किणकिणला. परदेशात राहणाऱ्या मराठी घरात पहाटे तीनला फोन वाजण्याचा अर्थ एकच असतो. आमच्याकडे काळजी करण्याजोगं माणूस पलीकडच्या खोलीतच झोपलेलं होतं, तरी पोटात गोळा आला. आई उठून दारात आली आणि हळूच विचारलं, ‘कोण गेलं?’

‘कुणी गेलं नाही आई, आले. ज्यो बायडन.’

‘कुठं उतरलेत?’

उप निवडण्याची कामं जगभर अवेळीच होतात की काय कोण जाणे. २३ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्र सकाळचा चहा घेत होता, तोवर मुंबईत मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री शपथ घेऊन मोकळेही झाले होते.

बायडन यांचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. सिनेटमध्ये ३५ वर्षं काढलेला माणूस, दिसायचा तसाच होता. आता मॅकेन काय करतात याकडे माझे डोळे लागले होते. वर्तमानपत्रांत नावं फिरत होती, आणि त्यांत एक नाव होतं ज्यो लीबरमन. हे मूळचे डेमोक्रॅट, २००० साली अल गोर यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार, मॅकेन यांचे जिवलग दोस्त. रिपब्लिकन माणसानं शेजारी डेमोक्रॅट उभा करायचा! दोन्ही पक्षांना कंटाळलेल्या माझ्यासारख्याला याहून काय पाहिजे? मॅकेन यांच्या मनातही तेच होतं, हे पुढे सगळ्यांना कळलं. पण गर्भपाताच्या प्रश्नावर लीबरमन पडले उदारमतवादी. त्यांना घेतलं तर पक्षाचं अधिवेशन पेटेल, असं सल्लागारांनी बजावलं. मग शेवटच्या आठवड्यात शोधाशोध. अलास्काच्या गव्हर्नरबाईंना फोन गेला तेव्हा त्या राज्याच्या जत्रेत होत्या. मॅकेन त्यांना त्याआधी एकदाच, फेब्रुवारीत, गव्हर्नरांच्या एका परिषदेत भेटले होते. २८ ऑगस्टला त्या अॅरिझोनात मॅकेन यांच्या फार्मवर आल्या, ओढ्याकाठी दोघांचं बोलणं झालं, आणि ठरलं. पार्श्वभूमी तपासणाऱ्या वकिलानं सांगून ठेवलं होतं, की जोखीम मोठी आहे, लाभही मोठा होईल. लढाऊ विमानं उडवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे आग्रहच.

२९ ऑगस्टला शुक्रवार होता. आदल्या रात्री डेन्व्हरच्या मैदानात ओबामांचं ऐंशी हजारांवर लोकांसमोर भाषण झालेलं, आणि त्या भाषणावर कुणी एक दिवसही बोलू नये अशा बेतानं मॅकेन यांनी दुपारी डेटनला सभा ठेवली. आमच्यापासून तासाभरावर. त्या दिवशी त्यांचा ७२ वा वाढदिवसही होता. ऑफिसात सगळ्यांच्या पडद्यावर एकच शोध चालला होता. सेरा पेलिन. वय ४४, पाच मुलं, गव्हर्नर होऊन दोन वर्षंही झालेली नाहीत, मूसची शिकार करतात. मूस म्हणजे सांबराचा अजस्र चुलतभाऊ. नवरा बर्फावरच्या गाड्यांच्या शर्यती जिंकलेला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा कट्टर रिपब्लिकन उमेदवारीण दिसायला छान आहे म्हणाला, आणि मग तिच्या नावाचा उच्चार कसा करायचा ते मला, एका तासगावकराला, विचारलं.

संध्याकाळी घरी गेलो तर आई टीव्हीसमोर शेंगा सोलत बसलेली.

‘बाई नगराध्यक्षा होती म्हणे आधी. कुठली?’

‘वासिला म्हणून गाव आहे अलास्कात.’

‘केवढं आहे?’

‘तेव्हा पाच-सहा हजार वस्ती असेल.’

‘आपल्या तासगावच्या रथाला नुसते दोर ओढायला त्याहून जास्त माणसं असतात.’ मग थोड्या वेळानं, ‘आणि उपाध्यक्षाकडे खातं कुठलं असतं?’

‘खातं नसतं.’

‘नसतं? आबांकडे तर गृह आहे.’

आर. आर. पाटील तेव्हा राज्याचे उपमुख्यमंत्री होते, गृहखातं त्यांच्याकडे, आणि तासगावात त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या घटनेत उपमुख्यमंत्री असं पदच नाही. तरी त्याला गृह मिळतं, अर्थ मिळतं, बंगला मिळतो. इथं पद घटनेत ठळक लिहिलेलं, आणि खातं काही नाही.

बायको मात्र संतापलेली होती. पेलिनबाईंनी व्यासपीठावरून हिलरींचं कौतुक केलं होतं, त्यांच्या एक कोटी ऐंशी लाख मतांचा उल्लेख केला होता, आणि बायकांनी हे काम पुरं करावं असं सुचवलं होतं. ‘म्हणजे आम्ही बाई पाहिजे म्हणून मत दिलं होतं?’ ती म्हणाली. ‘कोणतीही? आकाराला बसेल ती?’ आई शांतपणे म्हणाली, ‘अगं, आमच्याकडे राखीव वॉर्डात असंच शोधतात. पण एकदा निवडून आली की कधीकधी बाई ऐकत नाही हं कुणाचं.’

त्या वर्षी गणेश चतुर्थी ३ सप्टेंबरला होती, आणि सेंट पॉलच्या अधिवेशनात पेलिनबाईंचं भाषण त्याच रात्री. आरती झाली, मोदक झाले, पाहुण्यांमधली निम्मी मंडळी निघायच्या बेतात होती ती टीव्हीपाशी अडकली. आमच्या मंडळातले एक डॉक्टर जुने रिपब्लिकन. कर भरताना त्यांचा पक्ष अधिक पक्का होतो. ते पुढच्या खुर्चीत. खोटं कशाला बोलू, भाषण फर्मास झालं. बाईंना भीती म्हणून नव्हती. हॉकी खेळणाऱ्या मुलांची आई आणि चावरं पिटबुल कुत्रं यांच्यात फरक फक्त लिपस्टिकचा, हा त्यांचा विनोद मी आईला समजावून सांगितला. आई म्हणाली, ‘हॉकी म्हणजे ध्यानचंदांची?’ मग बर्फावरची हॉकी समजावण्यात पुढची दोन मिनिटं गेली.

आईचं खरं लक्ष भाषणाकडे नव्हतंच. प्रेक्षकांत पेलिन कुटुंब बसलं होतं. सात वर्षांच्या धाकट्या मुलीच्या मांडीवर चार महिन्यांचा भाऊ, डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेला. त्या पोरीनं आपला तळहात जिभेनं ओला केला आणि भावाच्या डोक्यावरून फिरवून त्याचे केस चापूनचोपून बसवले. साऱ्या जगाचे कॅमेरे तिच्यावर होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. आई हसून हसून पदर डोळ्याला लावायला लागली. ‘निवडून येऊ दे बाई हिला,’ ती म्हणाली. बायको मोदकांचं ताट उचलून आत निघून गेली.

आता आमच्या शेजाऱ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे सगळं शिकल्यासवरल्या लोकांचं दिवाणखान्यातलं हसणं होईल. तो डेटनजवळ मोरेनच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला होता. तिथं मोठ्या थोरल्या गाड्या बनत. त्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेलं, तशा गाड्या घेणारं कुणी उरलं नाही, आणि जूनमध्ये कंपनीनं कारखाना बंद करणार म्हणून जाहीर केलं. तोवर त्याच्या अंगणात कुणाचीच पाटी नव्हती. ऑगस्ट संपला आणि मॅकेन-पेलिनची पाटी लागली. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ती माझ्या मेव्हणीसारखी बोलते. आणि मेव्हणी हुशार आहे का, असं विचारायच्या आत स्वतःच म्हणाला, मेव्हणी काही फार हुशार नाही, पण तिला माझं घर कसं चालतं ते ठाऊक आहे. यावर मी काय बोलणार? आयव्ही लीगवाल्यांना तरी त्याचं घर कसं चालतं हे कुठं ठाऊक होतं? कारखाना डिसेंबरात, नाताळच्या दोन दिवस आधी, बंद पडला.

सप्टेंबरात आमच्या भागात मॅकेन-पेलिन यांची सभा झाली, तिला तो बायकोला घेऊन गेला. बाईंचं बोलून झालं, मॅकेन बोलायला उभे राहिले, आणि पार्किंगमध्ये गर्दी होईल म्हणून हे दोघे निघून आले.

मला तिथं हसू आलं, आणि वाईटही वाटलं. बुजुर्ग गवयाच्या मैफलीचा विचार करा. तिकिटं खपेनात म्हणून त्यानं ऐन वेळी दुसऱ्या गावचा एक तरणाबांड तबलजी साथीला बसवला. तालीम नाही, बैठक नाही. तबलजी पहिल्या आवर्तनापासून तोंड उघडून वाजवतोय, समेवर टाळ्या त्याला, दाद त्याला. गवई आपला विलंबित धरून बसलाय आणि लोक घड्याळ बघतायत. तासाभरानं कुणीतरी अवघड ताल मागितला, आणि ठेका सुटला. आता हसं झालं ते तबलजीचं. लोक घरी जाताना त्याची नक्कल करत गेले. पण त्याला तिथं आणून बसवणाऱ्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुला एवढी वर्षं ताल कळतो असं आम्ही धरून चाललो होतो, त्याचं काय?

अवघड ताल लवकरच आला. १३ सप्टेंबरच्या शनिवारी टीना फे यांनी टीव्हीवर पेलिनबाईंची नक्कल केली, आणि घराच्या खिडकीतून रशिया दिसतो हे वाक्य देशभर झालं. बाई तसं कधी म्हणाल्याच नव्हत्या. अलास्काच्या एका बेटावरून रशिया दिसतो एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि ते खरंच आहे. बेरिंगच्या सामुद्रधुनीत दोन देशांची दोन बेटं चारेक किलोमीटरवर समोरासमोर आहेत. पण नक्कल अस्सलपेक्षा लवकर पाठ होते. रविवारी अनंत चतुर्दशी होती. मागच्या अंगणात प्लॅस्टिकच्या टबात आम्ही गणपती बोळवले, आणि सोमवारी लेहमन ब्रदर्स बुडाली. त्याच दिवशी मॅकेन यांनी अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम असल्याचं सांगितलं. नऊ दिवसांनी पाया इतका डळमळीत वाटला, की प्रचार थांबवून ते वॉशिंग्टनला धावले. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांच्या खात्यात डोकावू नका असा सल्ला सगळे एकमेकांना देत होते आणि रात्री उठून डोकावत होते. आणि मला ओढ्याकाठचा तो निर्णय आठवत होता. सावकाश विचार करायची वेळ आली की हा माणूस जागेवरून उडी मारतो, हे ऑगस्टमध्येच दिसायला हवं होतं. दिसलंही होतं. सगळा देश उडीकडे बघायचं सोडून लिपस्टिककडे बघत होता.

मग केटी कूरिक यांनी पेलिनबाईंची घेतलेली ती मुलाखत. जगाची माहिती ठेवायला आपण कुठली वर्तमानपत्रं, मासिकं वाचता, असा साधा प्रश्न. बाई म्हणाल्या, सगळीच. पुन्हा विचारलं, तरी एकही नाव येईना. चौथीच्या वर्गाला तीसेक वर्षं शिकवलेल्या माझ्या आईला ते बघवेना. ‘अगं, एका तरी पेपरचं नाव घे की,’ ती टीव्हीला म्हणाली. ‘आम्ही नाही का “पुढारी” वाचत!’

बायडन यांच्याबरोबर वाद २ ऑक्टोबरला झाला आणि तो जवळजवळ सात कोटी लोकांनी पाहिला. त्या वर्षी ओबामा-मॅकेन यांचे तीन वाद झाले, त्यांतल्या एकालाही एवढे प्रेक्षक मिळाले नाहीत. गवई आणि तबलजीचं म्हणत होतो ते हेच. बाई पडल्या नाहीत. हात मिळवताना बायडन यांना, तुम्हाला ज्यो म्हटलं तर चालेल ना, असं विचारून घेतलं, कॅमेऱ्याकडे बघून डोळा मिचकावला, आणि नव्वद मिनिटं खिंड लढवली. महिनाभरात एवढं शिकली, म्हणजे पोरगी मठ्ठ नाही, असा शेरा आईनं दिला. दिवाळीच्या तोंडावर बातमी आली, की पक्षानं बाईंच्या आणि घरच्यांच्या कपड्यांवर दीड लाख डॉलर खर्च केले. मी ती बातमी शेजाऱ्याला दाखवली नाही. त्यानंच मला दाखवली. पाटी मात्र काढली नाही. कपडे तिनं थोडेच मागितले होते, म्हणाला.

जुने मॅकेन मला त्या सगळ्या मोसमात एकदाच भेटले. १० ऑक्टोबरला मिनेसोटातल्या लेकव्हिलमध्ये सभेत एक बाई उठून म्हणाली, ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी मान हलवत तिच्या हातातून मायक्रोफोन घेतला आणि सांगितलं, नाही, ते सभ्य, संसारी गृहस्थ आहेत, माझे त्यांचे मतभेद आहेत एवढंच. स्वतःच्याच सभेत. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. मुलगी म्हणाली, ‘बाबा, पण अरब माणूस सभ्य आणि संसारी नसतो का?’ मी पुन्हा खाली बसलो. आठवडाभरानंतर कॉलिन पॉवेल यांनी टीव्हीवर जवळपास हाच प्रश्न विचारला, तेव्हा मुलीनं माझ्याकडे एकदाच बघितलं.

तर असा मी ४ नोव्हेंबरला मतदान केंद्रावर रांगेत उभा होतो. मतपत्रिकेत एका पक्षाची दोन नावं एकत्रच असतात. खूण एकच करायची. वरचं हवं आणि खालचं नको, अशी सोय नाही. पूर्वी होती, एका अर्थी. १७९६ साली जास्त मतं पडली ते अॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांच्या खालोखाल मतं पडलेले प्रतिस्पर्धी जेफरसन उपाध्यक्ष. चार वर्षं दोघांनी एकमेकांना इतकं छळलं आणि पुढच्या निवडणुकीत असा काही घोळ झाला, की १८०४ साली घटना दुरुस्त करून दोन्ही पदांची मतं वेगळी केली, आणि पक्षांनी जोड्या लावल्या. मला स्वतःला मॅकेन आणि बायडन अशी जोडी चालली असती. दोघे सिनेटमधले जुने मित्र होते. पण मला विचारतो कोण?

रात्री ओहायो ओबामांकडे गेलं. आमची २० मतं त्यांच्या ३६५ मध्ये जमा झाली, मॅकेन १७३ वर राहिले. फिनिक्सला त्यांनी पराभव मान्य करणारं जे भाषण केलं ते सबंध प्रचारातलं त्यांचं सर्वांत चांगलं भाषण होतं. पेलिनबाईंचंही भाषण लिहून तयार होतं, ते होऊ दिलं नाही. त्या शेजारी नुसत्या उभ्या होत्या. आईला ते पटलं नाही. तिच्या मते पाहुणी म्हणून बोलावून आणलेल्या बाईला निरोपाचे दोन शब्द बोलू द्यायला हवे होते. मलाही तसंच वाटतं. तिला बोलावणारे तुम्ही, शिकवून न घेता पुढे ढकलणारे तुम्ही, आणि हरल्यावर पत्रकारांना तिच्या कागाळ्या सांगणारेही तुमचेच लोक.

मॅकेन २०१८ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या शेवटच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं आहे, की लीबरमन यांना घेतलं नाही याची खंत वाटते, सल्लागारांचं न ऐकता मनाचं ऐकायला हवं होतं. पेलिनबाईंना त्यांनी त्यातही दोष दिलेला नाही. पुस्तक वाचून मी ते बायकोपुढे ठेवलं. तिनं ते पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, ‘ते असू दे. तू त्या दिवशी मत कुणाला दिलं होतंस?’ मतदान गुप्त असतं, असं मी तिला सांगितलं. तुम्हीही विचारू नका.